बॉनेटखालचा हिरवा रंग

आमचे अब्बा मोटार-मेस्त्री होते. रस्त्यावरून एखादी देखणी गाडी गेली की लोक आत कोण बसलंय ते बघायचे; अब्बा कान देऊन इंजिन ऐकायचे. म्हणूनच असेल, ड्यूसनबर्ग या अमेरिकन मोटारीची हकिकत वाचताना माझं लक्ष तिच्या धनवान मालकांपेक्षा ती घडवणाऱ्याकडेच गेलं.

फ्रेड ड्यूसनबर्ग लहानपणी जर्मनीतून अमेरिकेत आला. आयोवात सायकली दुरुस्त करता करता त्याचा हात बसला. धाकटा भाऊ ऑगस्ट जोडीला होता. दोघांच्या गाडीने १९२१मध्ये फ्रेंच ग्रां प्री शर्यत जिंकली. गाड्या उत्तम, धंद्याचं गणित मात्र कच्चं! १९२६मध्ये ई. एल. कॉर्ड या उद्योगपतीने कंपनी घेतली आणि फ्रेडवर जगात तोड नसेल अशी मोटार करण्याचं काम सोपवलं.

ती 'मॉडेल जे' डिसेंबर १९२८मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात आली. एका रांगेत आठ सिलिंडर, २६५ अश्वशक्ती. इंजिनातलं तेल बदलायची वेळ झाली की चालकासमोर दिवा लागे. दर पंचाहत्तर मैलांनी गाडी आपल्या सांध्यांना आपणच वंगण देई. (अब्बा म्हणाले असते, मग मेस्त्रीने खायचं काय?)

कारखाना विकायचा तो बिनबॉडीचा सांगाडा, साडेआठ हजार डॉलरला. साधी फोर्ड तेव्हा पाचशेच्या आसपास मिळे. बॉडी गिऱ्हाइकाने पसंतीच्या कारागिराकडून बांधून घ्यायची. कॅलिफोर्नियातल्या मर्फी कंपनीची कापडी टपाची गाडी फार नावाजली. टप दुमडला की झाकणाखाली पुरता नाहीसा व्हायचा. जणू गाडीला तो कधी नव्हताच.

पुढच्याच वर्षी शेअर बाजार कोसळला. तरी गॅरी कूपर, क्लार्क गेबल यांच्यासारखे नट ही गाडी घेत राहिले. आपल्या इंदूरच्या यशवंतराव होळकरांनीही एक घेतली. तिची बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगने बांधली. पण असे शौकीन किती असणार? सगळ्या मिळून पावणेपाचशेच्या आसपास गाड्या झाल्या. जुलै १९३२मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या डोंगराळ रस्त्यावर आपलीच गाडी चालवताना फ्रेडला अपघात झाला. पुढे न्यूमोनिया झाला आणि तो गेला. मर्फीचा कारखाना त्याच वर्षी मिटला, ड्यूसनबर्गचा १९३७मध्ये.

युद्धानंतर याच गाड्या जुन्या बाजारात काहीशे डॉलरला जात. २०१८मध्ये त्यांतली एक उघडी गाडी लिलावात दोन कोटी वीस लाख डॉलरला गेली. बातमी सगळीकडे 'गॅरी कूपरची गाडी' अशीच आली.

बॉनेट उचललेल्या ड्यूसनबर्गचं एक चित्र माझ्याकडे आहे. इंजिन पोपटी हिरव्या रंगाने रंगवलेलं. तो रंग कारखान्यातूनच येई. बॉनेट मिटलं की रस्त्यावरच्या कुणाला तो दिसत नसे. गाडी उघडणाऱ्या मेस्त्रीला तेवढा दिसायचा.