विज्ञानाला प्रश्न कोण विचारणार?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



वनव्यवस्थापनाचा विषय निघाला की आपले कार्यकर्ते बहुधा दोनपैकी एका टोकाला जातात. काहींना वाटते, जंगल हा तज्ज्ञांचा प्रांत आहे. आपण हक्काचे दावे भरून द्यावेत, झाडांचे काय करायचे ते वनखाते पाहील. इतरांना वाटते, वनशास्त्र ही वनखात्याचीच भाषा आहे. आदिवासीला जंगल उपजतच कळते, त्याला शास्त्राचे काय काम? या दोन्ही भूमिका मला मान्य नाहीत. आज तर त्या आपल्याला परवडणाऱ्याही नाहीत. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली एकट्या गडचिरोली जिल्ह्यात हजाराहून अधिक गावांना सामूहिक वनहक्क मिळाले आहेत. किती तोडायचे, केव्हा तोडायचे आणि काय राखायचे, हे आता त्या ग्रामसभांना ठरवायचे आहे. शास्त्र नाकारून ते ठरवता येणार नाही आणि शास्त्र दुसऱ्याच्या हाती सोपवले, तर हक्क केवळ कागदावर उरेल.

आपल्या देशातील वनशास्त्र निव्वळ कुतूहलातून जन्माला आले नाही. रेल्वेच्या रुळांखाली घालायला स्लीपर हवे होते आणि साग, साल, देवदार झपाट्याने संपत होते. म्हणून १८६४ साली वनखाते स्थापन झाले आणि डीट्रिख ब्रँडिस हे जर्मन वनशास्त्रज्ञ त्याचे पहिले महानिरीक्षक झाले. १८७८ च्या कायद्याने राखीव जंगले आखली गेली आणि पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट सरकारी सवलत ठरली. १९०६ साली डेहराडूनला वनसंशोधन संस्था उभी राहिली. तेथील शास्त्रज्ञांच्या परिश्रमांना मी कमी लेखत नाही. झाडांची वाढ, बियाण्याची परीक्षा, लाकडाचा टिकाऊपणा यांविषयी त्यांनी जमवलेले ज्ञान मोलाचे आहे. परंतु शास्त्र उत्तर देते ते विचारलेल्या प्रश्नाचे. येथे प्रश्न विचारणारे होते सरकार आणि रेल्वे; पुढे त्यांत कारखानदारांची भर पडली.

याचा पुरावा बांबूच्या इतिहासात सापडतो. सागाची लागवड करणाऱ्या वनाधिकाऱ्यांच्या लेखी बांबू हे दीर्घकाळ तणच होते; ते काढून टाकण्याच्या सूचना दिल्या जात. पुढे डेहराडूनच्या प्रयोगशाळेत बांबूच्या लगद्यापासून कागद करण्याची रीत सिद्ध झाली आणि तेच तण मौल्यवान कच्चा माल ठरले. वनस्पती तीच आणि जंगलही तेच. पालटली होती ती गरज. बुरुडाला, शेतकऱ्याला, घर शाकारणाऱ्याला बांबू शतकानुशतके लागत होता, पण त्याच्या गरजेने त्या तणाला प्रतिष्ठा मिळाली नव्हती.

पुढची गोष्ट आपल्या शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील आहे. दांडेलीच्या कागद गिरणीला कर्नाटकच्या जंगलातील बांबू प्रारंभी टनाला दीड रुपया या दराने मिळत असे. त्याच बांबूसाठी टोपल्या विणणाऱ्या मेदारांना बाजारात त्याच्या कितीतरी पट किंमत मोजावी लागे. सत्तरच्या दशकात बांबू विरळ होऊ लागल्याची ओरड झाली. गिरणीने दोष दिला गावकऱ्यांना: ते गुरे चारतात आणि वणवे लावतात. विणकरांनी दोष दिला गिरणीला. कोणाचे खरे मानायचे?

बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील माधव गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रश्न जंगलात जाऊन तपासला. बांबू हे गवताच्या कुळातले आहे. पावसाळ्यात जमिनीखालच्या कंदातून नवे कोंब फुटतात आणि एका हंगामातच पूर्ण उंची गाठतात. काटेरी कळकाच्या बेटाच्या बुडाशी काटेरी फांद्यांची दाट जाळी असते. या जाळीमुळे बेटात दाटी होते, कोंबांची वाढ खुंटते आणि तोडही अवघड होते, अशा समजुतीने बेटांची बुडे साफ करण्याचा शास्त्रीय म्हणवणारा प्रघात पडला होता. गावकऱ्यांचे म्हणणे उलट होते. काटे काढले की कोवळे कोंब गुरांच्या आणि वन्य प्राण्यांच्या तोंडी पडतात; काटे हेच बेटाचे कुंपण, असे ते सांगत. संशोधकांनी बेटे निवडली, कोंब मोजले, कोणते जगले आणि कोणते खाल्ले गेले याची नोंद ठेवली. गावकऱ्यांचे म्हणणे खरे ठरले. ज्या साफसफाईला व्यवस्थापन म्हटले जात होते, तीच बेटांच्या ऱ्हासाचे एक कारण होती.

गावकरी नेहमीच बरोबर असतात, असे ही हकीकत सांगत नाही. गावकऱ्यांचे ज्ञान हे निरीक्षणातून आलेले ज्ञान होते आणि कार्ययोजनेतील नियम मात्र न तपासलेली समजूत होती, असे ती सांगते. विज्ञान ओळखायचे ते पडताळणीवरून. गणवेश किंवा पदवी पाहून ते ओळखता येत नाही. हीच कसोटी आपल्यालाही लागू आहे. गावात चालत आलेली एखादी रीत जंगलाला मारक ठरत असेल, तर तेही मोजून पाहिले पाहिजे आणि मान्य केले पाहिजे.

महाराष्ट्रात या वाटेने काही गावे गेली आहेत. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ साली बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. पण हक्काचा कागद येण्याच्या कितीतरी आधी तेथे अभ्यासगट बसत होते. बाहेरच्या जाणकारांना बोलावले जाई, त्यांचे ऐकले जाई, त्यांना उलट प्रश्न विचारले जात. निर्णय मात्र ग्रामसभा सर्वसहमतीने घेई. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावने तर तेंदूपानांची तोडणीच बंद केली. पानांसाठी झाडे छाटली जातात, आगी लावल्या जातात आणि फळ धरत नाही, हे गावाने पाहिले होते. हमखास मिळणारे उत्पन्न गावाने स्वतःच्या निरीक्षणावरून सोडले. याहून कठोर शास्त्रीय शिस्त ती कोणती?

या शिस्तीची गरज पुढे वाढणार आहे. बांबूला भाव आला की ठेकेदार ग्रामसभेच्या दाराशी येतो आणि यंदाच सगळे तोडा म्हणतो. गावाजवळ बेटांची मोजणी नसेल, कोणता बांबू किती वर्षांचा हे लिहिलेले नसेल, तर त्याला नकार कशाच्या बळावर देणार? दुसरीकडे, वनखाते आपला ताबा सहजासहजी सोडणार नाही. मे २०२५ मध्ये छत्तीसगडच्या वनखात्याने पत्र काढून सामूहिक वनहक्कांच्या अंमलबजावणीची सूत्रे स्वतःकडे घेतली आणि खात्याच्या कार्ययोजनेच्या नियमावलीचा आग्रह धरला. ग्रामसभांनी आवाज उठवल्यावर जुलैत ते पत्र मागे घ्यावे लागले. कायदा स्पष्ट आहे: आपल्या सामूहिक वनक्षेत्राचा आराखडा ग्रामसभेच्या समितीने करायचा असतो. परंतु आराखडाच तयार नसेल, तर ती पोकळी भरायला खाते तत्पर असणारच.

तेव्हा कार्यकर्त्यांना माझे सांगणे एवढेच आहे. दावा मंजूर झाला म्हणजे आपले काम संपले, असे मानू नका. पावसाळ्यात तरुण मुलामुलींबरोबर जंगलात जा. गावच्या जाणत्या स्त्री-पुरुषांना पुढे घ्या. बेटे मोजा, नव्या कोंबांची नोंद करा, मोहाची आणि चारोळीची किती रोपे जगतात ते पाहा. तोड झालेल्या आणि न झालेल्या तुकड्यांची तुलना करा. महाविद्यालयांतील वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना साहाय्यासाठी बोलवा, पण कोणते प्रश्न तपासायचे याची यादी ग्रामसभेत तयार होऊ द्या. नोंदवही गावाकडे राहू द्या आणि ती दरवर्षी ग्रामसभेत मोठ्याने वाचली जाऊ द्या.

उत्पादनाची साधने श्रमणाऱ्यांच्या हाती असावीत, असे आपण समाजवादी आजवर म्हणत आलो. ज्ञान हेही उत्पादनाचे साधन आहे. जंगलावरचा हक्क कायद्याने दिला. त्या जंगलाला प्रश्न विचारण्याचा आणि उत्तर पडताळून पाहण्याचा हक्क मात्र कोणी देत नसतो, तो कामाने मिळवावा लागतो. ते काम येत्या पावसाळ्यात सुरू करू या.