पायाला पडलेला तडा
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



घराच्या डागडुजीविषयी आम्ही चार शब्द बोलावे, असा आग्रह मंडळाच्या चिटणिसांनी केला, तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला. आम्ही इंजिनियर नव्हे. या विषयात आमची पात्रता इतकीच की, स्वतःच्या घराच्या बाबतीत करता येण्याजोग्या बहुतेक साऱ्या चुका आम्ही करून बसलो आहो. चिटणीस म्हणाले, “मग त्याच सांगा.” तेव्हा त्याच सांगतो. त्यांपैकी एक चूक या मंडळाच्या साक्षीने झालेली आहे, म्हणून ती येथेच बोलून दाखविणे प्राप्त आहे.

आमचे घर यवतमाळ जिल्ह्यातील. वडिलांनी ते १९७४ साली काळ्या जमिनीवर बांधले. काळी जमीन म्हणजे काय, हे येथे बसलेल्या वऱ्हाडातील मंडळींना सांगणे नको. वैशाखात तिच्या भेगांत कोपरापर्यंत हात जातो आणि श्रावणात तीच जमीन फुगून पायातली वहाण ओढून घेते. तिच्यातील चिकणमातीचा गुणच असा की, पाणी मिळाले की फुगावे आणि वाळली की आक्रसावे. कपाशीला ही जमीन मानवते, भिंतीला मानवत नाही. आपल्याकडे या हालचालीची खोली साधारणपणे साडेतीन मीटरपर्यंत धरतात, आणि जुन्या घरांचे पाये बहुधा चारपाच फुटांच्या खाली जातच नाहीत. म्हणजे घर दरवर्षी थोडे वर उचलले जाते व थोडे खाली बसते. साऱ्या घराने एकदम उठबस केली तर बिघडत नाही. एका कोपऱ्याने निराळे वागायचे ठरविले की भिंत फाटते.

आमच्या स्वयंपाकघराच्या उत्तर भिंतीवर, खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपा गेलेला तडा २००९ साली प्रथम दिसला. दिवाळी तोंडावर होती. आम्ही गवंड्याकडून तो सिमेंटने बुजविला, वर रंग दिला. उन्हाळ्यात तो त्याच जागी पुन्हा उघडला. पुन्हा बुजविला. तिसऱ्या खेपेस आमच्या मातोश्री म्हणाल्या, “अरे, पोटात दुखतंय आणि तुम्ही पाठीला लेप लावताय.” आम्ही ते हसण्यावारी नेले.

त्यानंतर आम्ही दोषी शोधू लागलो, आणि दोषी शोधू लागलेल्या माणसास तो शेजारीच सापडतो. आमच्या भिंतीपासून दहा फुटांवर, चुलतबंधूंच्या आवारात, घराहूनही जुना असा कडुनिंब होता. त्याची मुळे आमचा पाया खातात, असे आम्ही ठरवून टाकले. बोलणे वाढले, येणेजाणे थांबले, प्रकरण या मंडळापर्यंत आले. २०११ साली मंडळातील चार वडीलधाऱ्यांनी मध्यस्थी केली आणि चुलतबंधूंनी, मनाविरुद्ध परंतु मंडळाचा मान राखून, तो वृक्ष तोडला. त्या दिवशी त्यांच्या घरी चूल पेटली नाही, हे आम्हांस पुष्कळ उशिरा कळले.

तडा थांबला नाही. उलट दोन वर्षांत त्यात रुपया उभा राहू लागला. मग आम्ही एका कंत्राटदारास बोलावले. त्याने भिंत पाहिली, पाया खचला असे सांगितले, आगाऊ रक्कम घेतली आणि एका दिवसात उत्तर भिंतीच्या सबंध लांबीला लागून पायाच्या तळापर्यंत चर खणला. रात्री खालच्या थरातील विटा सुटल्याचा आवाज झाला. मातोश्री त्याच खोलीत निजल्या होत्या. त्यांना उचलून ओसरीवर आणले, तेव्हा आमचे हात कापत होते. दुसऱ्या दिवशी कंत्राटदाराचा फोन लागेना.

सकाळी आम्ही भाचीला बोलावणे धाडले. ती स्थापत्य अभियंता आहे, आणि तिला आधी विचारण्यात आमचा मामेपणा आडवा आला होता, हेही कबूल केले पाहिजे. आल्याबरोबर तिने भिंतीला टेकू लावविले आणि चरातील बराच भाग ठोकून भरून घेतला. मग पाण्याने भरलेली पारदर्शक नळी घेऊन ती जोत्याच्या थराची पातळी घराभोवती फिरून पाहू लागली. ते झाल्यावर म्हणाली, “मामा, हा कोपरा खाली गेलेला नाही. दोन बोटे वर आला आहे.”

आम्ही चार वर्षे ज्या कोपऱ्याला खचलेला समजत होतो, तो उचलला गेला होता! ऐन मे महिन्यात तिने तेथे खड्डा घेतला, तर माती ओली. न्हाणीघराच्या सांडपाण्याची चिनी मातीची नळी सांध्यात फुटलेली होती आणि आमचेच पाणी आमच्याच पायाखाली मुरत होते. भाचीने त्या मातीची एक सोपी परीक्षा आम्हांस दाखविली. वाळवून चाळलेली माती दहा दहा ग्रॅम घेऊन तिने मापाच्या दोन काचनळ्यांत घातली; एकीत पाणी, दुसरीत रॉकेल. रॉकेलात ही माती फुगत नाही. चोवीस तासांनी पाण्यातील थर केवढा चढला, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले.

आणि कडुनिंब? तिने सांगितले ते ऐकून आम्ही मान खाली घातली. तो वृक्ष घर बांधण्यापूर्वीपासून तेथील ओल शोषून घेत होता. त्याने वाळविलेल्या जमिनीवर वडिलांनी पाया घातला होता. झाड गेल्यावर ती ओल पुढे वर्षानुवर्षे मातीत परत येऊ लागते आणि माती फुगते. काळ्या जमिनीत भिंतीशेजारी झाड लावणे चूक खरे. पण घराहून जुने झाड एकदम तोडणे ही त्याहून मोठी चूक. पहिला तडा नळीने पाडला होता, तो वाढविला आमच्या कुऱ्हाडीने.

आता उपायाकडे येतो. आधी नळी बदलली, छपराच्या पन्हळीचे पाणी दूर नेले आणि घराभोवती पाच फुटांची, बाहेर उतरती फरसबंदी केली. त्यानंतर भाचीने तडा बुजविला नाही. त्यावर आडव्या काचेच्या पट्ट्या चिकटविल्या आणि प्रत्येकीवर तारीख लिहिली. भिंत हलली तर काच फुटते. तड्याची रुंदीही दरमहा वहीत नोंदविली. ब्रिटनमधील बिल्डिंग रिसर्च एस्टॅब्लिशमेंट या संस्थेने तड्यांची प्रतवारी लावली आहे: १ मिलिमीटरपर्यंतचा किरकोळ, ५ पर्यंतचा सहज दुरुस्त होणारा, १५ च्या पुढे गंभीर, आणि २५ च्या पुढे भिंतीच्या स्थैर्याचीच काळजी. पण तडा केवढा आहे यापेक्षा तो चालता आहे की थांबलेला, हा प्रश्न मोठा. एक उन्हाळा व एक पावसाळा पाहिल्यावाचून काळ्या जमिनीत त्याचे उत्तर मिळत नाही.

मात्र उत्तर भिंतीचा पाया त्या चराने खिळखिळा झाला होता. तेथे थांबता येईना. जुन्या पायाखाली नवा पाया घालावाच लागला. इंजिनियर यास अंडरपिनिंग म्हणतात. भिंतीचे चार चार फुटांचे भाग पाडून त्यांना क्रमांक दिले. आधी पहिला आणि चौथा एवढेच खणले. मधले भाग भिंतीचा भार वाहत राहिले. खड्ड्याच्या बाजूंना फळ्या आणि टेकू. आमच्याकडे मुरूम नऊ फुटांवर लागला. तेथून काँक्रीट वर आणून जुन्या पायाखाली दोनतीन इंच फट मुद्दाम राखली, कारण ताजे काँक्रीट सुकताना किंचित आक्रसते. ते घट्ट झाल्यावर जवळजवळ कोरडा सिमेंट-वाळूचा माल त्या फटीत ठोकून ठोकून भरला. तो पक्का झाला, मग दुसरा आणि पाचवा भाग. काम कंटाळवाणे, गडबड केली की भिंत अंगावर. इंग्लंडात विंचेस्टरचे प्रार्थनामंदिर खचू लागले, तेव्हा विल्यम वॉकर नावाच्या पाणबुड्याने १९०६ ते १९११ या काळात पायाखालच्या गढूळ पाण्यात उतरून, अंधारात हाताने चाचपत, काँक्रीटच्या पोत्यांचा थर दिला. ते वाचल्यापासून आमच्या गवंड्याने ‘वेळ फार लागतो’ असे म्हटले की आम्ही गप्प बसतो.

काचेच्या पट्ट्या २०१४ च्या पावसाळ्यातून आणि पुढच्या उन्हाळ्यातून शाबूत निघाल्या. तेव्हा कोठे तडा सांधला. काही थरांआड सांधे कोरून, तड्याच्या दोन्ही बाजूंस पोहोचतील अशा सळया मसाल्यात बसविल्या, बारीक फटीत पातळ सिमेंट हलक्या दाबाने भरले आणि अखेरीस गिलावा केला. ज्या गोष्टीपासून आम्ही २००९ साली आरंभ केला होता, ती सर्वांत शेवटची होती.

नवीन घर बांधणाऱ्यांसाठी एकच गोष्ट सांगतो. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने काळ्या जमिनीसाठी तळाशी कांद्यासारखे फुगीर केलेले खांब, म्हणजे अंडर-रीम्ड पाइल, आपल्या देशात रूढ केले आहेत. हालचालीच्या थराखाली ते रुतून बसतात. खर्च ऐकून कपाळाला आठ्या पडतील, पण आमच्या दुरुस्तीचा हिशेब हवा असल्यास खाजगीत विचारावा. आणि दुरुस्ती सुचविणाराच दुरुस्तीचे कंत्राट घेणारा असेल, तर आणखी एका जाणत्यास दाखवून घ्यावे. ‘हमी’चा कागद पुढे केला तर हमी कशाची, किती वर्षांची आणि माती हलल्यास कोणाची, हे वाचून घ्यावे.

चुलतबंधूंकडे आम्ही २०१३ च्या आषाढातच गेलो आणि चूक आमची होती असे सांगितले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग वहिनींना म्हणाले, “चहा टाका.” आज ते या सभागृहात तिसऱ्या रांगेत बसले आहेत. मध्यस्थी करणाऱ्या चौघांपैकी दोघे हयात नाहीत. उरलेल्या दोघांची आम्ही या व्यासपीठावरून क्षमा मागतो, कारण त्यांच्यासमोर आम्ही जो पुरावा मांडला, तो पुरावाच नव्हता.

एक सूचना राहिली. मंडळाच्या विद्यार्थी वसतिगृहाच्या पश्चिम भिंतीवरील तड्याबद्दल काल रात्री कार्यकारिणीत चर्चा झाली, आणि वर्गणी काढून पाया खणावा असा सूर निघाला. आमची विनंती आहे की, अद्याप कोणीही कुदळ लावू नये. भाची आज सकाळी जाऊन आली. तिने तेथे काचेच्या तीन पट्ट्या चिकटविल्या असून त्यांवर आजची तारीख आहे. मुलांनी त्या उचकटू नयेत, एवढे अधीक्षकांनी पाहावे. न्हाणीघराच्या मागच्या नळ्या मात्र याच आठवड्यात उघडून तपासाव्यात. त्या खर्चाचा पहिला हप्ता आम्ही चिटणिसांपाशी दिला आहे.