विश्वास टाकणारे गुरुजी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनाला मी चहाच्या आणि खुर्च्यांच्या कामात असते. यंदा चिटणीसबाई म्हणाल्या, "काकू, या वेळी तुम्ही बोलायचे. विषय 'मला आठवणारे गुरुजी'." मी म्हटले, "अहो, मी सातवी शिकलेली. मी काय बोलणार?" त्या म्हणाल्या, "सात वर्षे शाळेत गेलात, तेव्हा गुरुजी होतेच की!" यावर मला उत्तर सुचले नाही, म्हणून उभी राहिले आहे. चूकभूल पोटात घालावी.

विषय मिळाल्यावर मी लेकीच्या पुस्तकांतून आणि आपल्या मंडळाच्या कपाटातून थोडे वाचन केले. त्यात एका गुरुजींची गोष्ट वाचली. ती आधी सांगते, माझे मागून.

या गुरुजींचे नाव कृष्णाजी अर्जुन केळूसकर. वेंगुर्ल्याजवळच्या केळूस गावचे. जन्म १८६० चा. मुंबईत विल्सन हायस्कुलात ते शिक्षक होते. मोठे व्यासंगी. शिवाजी महाराजांचे मोठे चरित्र त्यांनी १९०६ साली लिहिले. त्याआधी तुकाराममहाराजांचे आणि गौतम बुद्धाचे चरित्रही लिहिले होते. शाळा सुटली की ते चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसत.

त्या बागेत एक शाळकरी मुलगाही रोज येऊन वाचत बसे. इतर मुले खेळत, हा मान वर करीत नसे. केळूसकरांनी एक दिवस विचारपूस केली. मुलाने नाव सांगितले, जात सांगितली. तो मुलगा म्हणजे आपले बाबासाहेब, भीमराव रामजी आंबेडकर.

बागेत येऊन वाचायची पाळी का आली, ते आपण बायकांनी ध्यानात घ्यावे. परळच्या चाळीत सुभेदार रामजींचा संसार एकाच खोलीत होता. तीच स्वयंपाकाची, तीच निजायची, तीच अभ्यासाची. धूर, भांडी, माणसे, सारे तिथेच. रामजी मध्यरात्र उलटेपर्यंत जागत, दोनच्या सुमारास मुलाला अभ्यासाला उठवीत आणि मग स्वतः आडवे होत. पुस्तकाला पैसे नसले की ते लग्न झालेल्या लेकीकडे जात, तिचा दागिना मागून आणून गहाण टाकीत आणि पेन्शन आली की सोडवून परत देत. बाबासाहेबांच्या शिक्षणात त्या बहिणींचाही वाटा आहे. हे वाचले तेव्हा माझा हात आपोआप गळ्याकडे गेला.

शाळेत काय होते? एल्फिन्स्टन हायस्कुलात एकदा मास्तरांनी भीमरावाला गणित सोडवायला फळ्यापाशी बोलावले. तशी मुले ओरडत धावली, कारण त्यांचे जेवणाचे डबे फळ्यामागे ठेवलेले होते. डबे बाजूला झाले, मग हा फळ्याशी गेला. संस्कृत शिकायचे होते, तेही शिकू दिले नाही. फारशी घ्यावे लागले. अशा मुलाला केळूसकरांनी आपल्याजवळ बसवून घेतले, काय वाचावे ते सांगितले, पुस्तके आणून दिली. भीमराव त्यांच्या वर्गातला नव्हता, त्यांच्या शाळेतलाही नव्हता. त्याच्यासाठी पगार मिळत नव्हता की वरून तपासणीला साहेब येणार नव्हता.

पुढे भीमराव परीक्षा पास झाला. वस्तीतल्या लोकांना त्याचा सत्कार करावासा वाटला. पण रामजी ऐकेनात. त्यांचे म्हणणे, एवढ्यातेवढ्याला सत्कार केला तर पोराच्या डोक्यात हवा जाईल. तेव्हा लोक केळूसकरांकडे गेले. केळूसकर हे रामजींचे स्नेही. ते स्वतः रामजींकडे गेले, समजूत घातली आणि सत्कार झाला. त्या सभेत केळूसकरांनी मुलाच्या हाती आपण लिहिलेले बुद्धाचे चरित्र ठेवले. ते पुस्तक वाचून आपल्या मनावर खोल परिणाम झाला, असे बाबासाहेबांनीच 'द बुद्ध अँड हिज धम्म' या आपल्या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत सांगितले आहे. ती प्रस्तावना १९५६ सालची. म्हणजे एवढे जग पाहिलेला, देशाची घटना करण्यात पुढे असलेला माणूस म्हातारपणी आपल्या 'दादा केळूसकरां'ना विसरला नाही. त्याच साली १४ ऑक्टोबरला नागपुरात त्यांनी बुद्धाचा धम्म घेतला.

पण भगिनींनो, मला याहून मोठी वाटली ती पुढची गोष्ट. भीमराव कॉलेजात गेला आणि इंटर झाल्यावर रामजींचे हात टेकले. पैसाच संपला. इथे कोणीही चांगला माणूस म्हणाला असता, "अरेरे, हुशार मुलगा होता, नशीब नाही." केळूसकर तसे म्हणून घरी बसले नाहीत. बडोद्याचे सयाजीराव महाराज अशा मुलांना मदत करतात हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी महाराजांची भेट मागितली आणि भीमरावाला बरोबर घेऊन गेले. महाराजांनी काही प्रश्न विचारले, उत्तरांनी त्यांचे समाधान झाले आणि दरमहा २५ रुपये लागू झाले. त्या पैशांवर १९१२ साली भीमराव बी. ए. झाला. पुढे १९१३ साली त्याच महाराजांच्या शिष्यवृत्तीवर तो अमेरिकेला, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेला. पुढचे तुम्हा सर्वांना ठाऊक आहे.

त्याचे फळ आपल्या मराठवाड्यापर्यंत येऊन पोचले. निजामाच्या राज्यात आपल्याकडे वरच्या शिक्षणाची सोय फार तोकडी. डिग्रीसाठी हैदराबाद गाठावे लागे. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला आणि १९५० साली बाबासाहेबांच्या संस्थेने औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, कॉलेज काढले. तेच मिलिंद महाविद्यालय. त्याच साली आपल्या नांदेडात पीपल्स कॉलेज निघाले, ते स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकाराने. स्वामीजीही आधी शिक्षकच. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि पुढे अंबाजोगाईत त्यांनी मुले शिकवली. आज नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली या चार जिल्ह्यांची पोरे ज्या विद्यापीठाची परीक्षा देतात, त्याला त्यांचेच नाव आहे. आपण त्या दारावरून भाजी घेऊन जातो, पण एका मास्तराचे नाव वर लिहिलेले आहे हे मनात येत नाही.

आता माझे गुरुजी.

माझे माहेर औसा तालुक्यातले. १९९३ साली मी सातवीत होते. ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशीच गणपती बोळवले होते. आमचे गाव जरा बाजूला, म्हणून माणसे वाचली. पण भिंतींना भेगा गेल्या आणि शाळेच्या खोल्यांत कोणी पाऊल टाकीना. महिन्याभराने गुरुजींनी लिंबाखाली शाळा भरवली. मास्तर कमी पडत होते. गुरुजी मला म्हणाले, "पहिली-दुसरीची लेकरं तू सांभाळ." मी बाराखडी घेऊ लागले. रात्री पत्र्याखाली झोपताना भीती वाटे, जरा भांडे वाजले तरी आम्ही उठून पळत असू. पण सकाळी लेकरांना "क का कि की" म्हणून घेताना भीती जाई. एक दिवस गुरुजींनी हजेरीचा पट माझ्या हातात दिला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "ही पोर मास्तरीण होणार." माझ्या आयुष्यात माझ्याविषयी कोणी काही होणार म्हणून सांगितले ते तेवढेच.

आठवीची शाळा दीड कोसावर. उन्हाळ्यात गुरुजी आमच्या घरी आले. वडील म्हणाले, "गुरुजी, जमीन हलायची थांबली का, ते कुणाला माहीत? पोर डोळ्यांपुढं असलेली बरी." गुरुजी पंधरा दिवसांनी पुन्हा आले. वडिलांनी चहा दिला, मान दिला, पण उत्तर तेच. आई चुलीपाशी गप्प होती. मी दाराआड होते. तिसऱ्या वेळी गुरुजी आले नाहीत. मी पुष्कळ दिवस वाट पाहिली.

वडिलांना मी दोष देत नाही. त्या साली ज्याने त्याने आपले लेकरू उराशी धरले होते. गुरुजींनाही देत नाही, दोनदा तरी कोण येते? आणि त्यांचा शब्द वाया गेला असेही नाही. लग्न होऊन नांदेडला आले, त्यानंतर गल्लीतल्या लेकरांना ओट्यावर बसवून मी पाढे घेतले. आपल्या मंडळाचा जमाखर्च गेली काही वर्षे मी लिहिते आणि तो हिशेबनिसांनी एकदाही परत केला नाही. हे सारे त्या हजेरीच्या पटातून आले, असे मला वाटते.

पण एक गोष्ट माझ्या मनाला लागून आहे, ती आज सांगते. ओट्यावर पाढे म्हणायला येणाऱ्या पोरींत एक फार तल्लख होती. ती दहावीला गणितात गेली. घरचे म्हणाले, "बस झालं शिक्षण." तिच्या आईने मला विचारले, "काकू, तुम्हांला काय वाटतं?" मी म्हणाले, "पोर हुशार आहे हो." एवढे बोलून घरी आले, कारण दुसऱ्याच्या घरात कशाला बोलावे, असे मला वाटले. त्या विषयाची पुन्हा परीक्षा असते, फॉर्म भरायला शाळेत जावे लागते, हे मला माहीत होते. मी तिच्या बरोबर गेले नाही. दिवाळीनंतर तिचे लग्न झाले. आता रस्त्यात भेटली की ती वाकून नमस्कार करते, आणि माझी मान खाली जाते. दाराआड उभी राहून मी ज्या माणसाची वाट पाहिली, तो माणूस होण्याची पाळी माझ्यावर आली तेव्हा मी एकदाही उठले नाही. माझे गुरुजी दोनदा तरी आले होते.

केळूसकरांची गोष्ट वाचताना मला हेच उमगले. भीमराव हुशार आहे हे पुष्कळांना दिसले असेल. पण त्याच्या बापाला समजवायला जाणे आणि २५ रुपयांसाठी महाराजांच्या दारी उभे राहणे हे त्यांनी केले. आणि तो मुलगा ना नात्याचा, ना जातीचा, ना वर्गातला.

म्हणून मंडळापुढे माझी एक सूचना आहे. हारतुरे कमी करा किंवा करू नका, ते अध्यक्षबाई ठरवतील. पण आपल्या गल्ल्यांत कोणाची मुलगी शाळा सोडते आहे असे कानावर आले, तर आपल्यातल्या दोघींनी त्या घरी जावे. एकदा नाही म्हणाले तर पुन्हा जावे, तिसऱ्यांदाही जावे. नापास झाली असेल तर पुरवणी परीक्षेचा फॉर्म भरून द्यावा. शाळा सुटून वर्षे झाली असतील, तर १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीला बाहेरून बसता येते, हे सांगावे. फीची अडचण असेल तर आपल्या शिलकीतून उचल द्यावी. शिल्लक किती आहे ते मला पाठ आहे. पहिल्या घरी जाणाऱ्या दोघींत माझे नाव लिहून घ्यावे, अशी चिटणीसबाईंना विनंती करते.

  चहा तयार आहे, कोणी तसेच जाऊ नये.