लांबच्या न्हाणीघरातलं गरम पाणी

लखनौत जानेवारीच्या पहाटे पारा 7-8 अंशांपर्यंत उतरतो, आणि चौक भागातल्या अंगणाभोवती बांधलेल्या जुन्या, प्रशस्त घरांत प्रश्न उभा राहतो: एका टोकाला तापवलेलं पाणी दुसऱ्या टोकाच्या न्हाणीघरात पोचवायचं कसं? माझं मत असं, की ते पोचवूच नये. लागतं तिथंच तापवावं. आतून 20 मिलिमीटर व्यासाच्या 20 मीटर लांब नळात सुमारे 6 लिटर पाणी मावतं. तोटी सोडली की आधी तेवढं गार पाणी वाहून जातं, आणि बंद केली की तेवढंच तापलेलं पाणी भिंतीत निवत बसतं. नुसते हात धुवायचे म्हटले तरी दुहेरी नुकसान.

पंपाने पाणी फिरतं ठेवावं, असं कुणी म्हणेल. हॉटेलात ते परवडतं. घरात परतीचा वेगळा नळ टाका, दोन्ही नळांना उष्णतारोधक वेष्टन करा, नाहीतर पैसे भिंती तापवण्यात जातात. छतावरचा सौरबंब चांगलाच, पण इथलं दाट धुकं ऐन गरजेच्या दिवसांत ऊन अडवतं, आणि लांब नळ राहतोच. 3 किलोवॅटचा इन्स्टंट गिझर मिनिटाला 2 लिटर पाणीही 25 अंशांनी तापवू शकत नाही. गॅस गिझर बंद न्हाणीघरात नकोच. कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. जास्त गिझर म्हणजे जास्त वीज, ही शंकाही टिकत नाही, कारण पाहुण्यांच्या खोलीतला गिझर एरवी बंदच असतो. तेव्हा लांबच्या प्रत्येक न्हाणीघरात 15 लिटरचा साठवण गिझर बसवा. त्याआधी अर्थिंग आणि मंजूर वीजभार मात्र तपासून घ्या.