मधाच्या चोथ्यातून चित्रापर्यंत



मेण म्हटलं की आज आपल्याला मेणबत्ती आठवते. पण टिकल्यांची पाकिटं घरोघर येण्याआधी आपल्या आई-आज्यांच्या फणी-करंड्यात मेणाची एक छोटी डबी असायची. कपाळावर आधी बोटानं मेण लावायचं आणि त्यावर कुंकू टेकवायचं. कोरडी पूड धरून ठेवायची, घामानं ओघळू द्यायची नाही, हे त्या मेणाचं काम. चित्रकारही मेणाकडून साधारण हेच काम करून घेतो. तैलरंगात मिसळायच्या या मऊ मेणाला चित्रकारांच्या भाषेत ‘कोल्ड वॅक्स’ म्हणतात. कर्जत-खालापूरच्या आपल्या भागात ते घरच्या घरी कसं करता येईल, त्याबद्दल आज बोलणार आहे.

मेण आणि कला यांचं नातं जुनं आहे. इजिप्तमधल्या फायूम भागात इसवी सनाच्या पहिल्या ते तिसऱ्या शतकात लाकडी फळ्यांवर रंगवलेली माणसांची चित्रं सापडली. त्यांतली कित्येक गरम मेणात रंग कालवून केलेली आहेत आणि ते चेहरे आजही टवटवीत दिसतात. आपल्याकडे मेण वापरलं ते मुख्यतः मूर्तिकारांनी. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात मेणाची मूर्ती घडवून तिच्यावरून धातूची मूर्ती ओतण्याची कृती दिली आहे. संस्कृतात मेणाला सुंदर शब्द आहे, मधूच्छिष्ट. म्हणजे मध काढून घेतल्यावर उरलेलं उष्टं.

हे उष्टं आपल्या डोंगरात आजही निघतं. पावसाळ्याच्या तोंडावर आपले कातकरी आणि ठाकर बांधव कड्यांवरची, उंच झाडांवरची आग्या माशीची पोळी उतरवतात. आमच्या दारी मध घेऊन येणाऱ्या एका दादांना मी एकदा विचारलं, “दादा, मध पिळून झाल्यावर चोथ्याचं काय करता?” ते म्हणाले, “काय करणार मास्तर, टाकून देतो. मध घेणारे आहेत, मेण कोण घेतो?” मी चित्रकला शिकवतो. माझी मुलं परदेशी बनावटीच्या कोल्ड वॅक्सच्या डब्याची किंमत ऐकून डबा परत फळीवर ठेवतात. आणि इथं त्याच डब्यातला मुख्य माल रानात फेकला जात होता. तेव्हापासून मी चोथाही विकत घेतो.

आता प्रत्यक्ष कृती. पहिलं काम मेण स्वच्छ करण्याचं. चोथा जुन्या मलमलीच्या फडक्यात सैलसर बांधून स्टीलच्या पातेल्यात पाण्यात ठेवायचा आणि मंद आचेवर पाणी तापवायचं. लोखंडी किंवा तांब्याचं भांडं नको, त्यानं मेण काळपट पडतं. मेण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळतं, फडक्यातून पाझरून पाण्यावर तरंगतं. पातेलं रात्रभर हलवू नये. सकाळी वर मेणाची चकती जमलेली असते. तिच्या खालच्या बाजूचा गाळ सुरीनं खरवडायचा. असं दोन-तीनदा केलं की पिवळंधमक मेण हाती येतं. फार पिवळेपणा नको असेल तर मेण किसून पसरट थाळीत कोवळ्या उन्हात ठेवावं, रंग फिका पडत जातो. भर दुपारी मात्र नको, नाहीतर किसाचा पुन्हा गोळा व्हायचा.

मेण बाजारातून आणणार असाल तर पारखून घ्या. त्यात पॅराफिनची भेसळ होते. मधमाशीचं मेण बोटांत मळलं की मऊ होतं आणि त्याला मधाचा वास येतो. ते मोडलं की मोडीची कड मंद, कणीदार दिसते. पॅराफिन अर्धपारदर्शक आणि बुळबुळीत लागतं.

दुसरं काम मेण टर्पेंटाइनमध्ये विरघळवण्याचं. इथं मात्र कान देऊन ऐका. टर्पेंटाइनची वाफ सुमारे ३५ अंशांना पेट घेऊ शकते. मे महिन्यात कर्जतची दुपार याहून तापलेली असते. म्हणजे आपल्या उन्हाळ्यात टर्पेंटाइनची उघडी बाटली नुसती ओट्यावर असली तरी जवळपास काडी ओढणं धोक्याचं. म्हणून टर्पेंटाइन शेगडीवर कधीही चढवायचं नाही, मेणाबरोबर पाण्याच्या भांड्यात ठेवूनसुद्धा नाही.

मी सांगतो ती रीत विस्तवाशिवायची आहे. १०० ग्रॅम मेण बारीक किसून रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत घ्या. त्यावर २५० ते ३०० मिलिलिटर टर्पेंटाइन ओता, झाकण लावा आणि बरणी सावलीत ठेवून द्या. रोज एकदा काठीनं ढवळा. काही दिवसांत कीस फुगतो, विरतो आणि लोण्यासारखा लगदा तयार होतो. हे काम उघड्या खिडकीशी, लहान मुलांच्या हाताबाहेर करा. टर्पेंटाइनऐवजी रॉकेल वापरू नका, त्याचा तेलकटपणा चित्रात राहतो. लगदा घट्ट वाटला तर थोडं टर्पेंटाइन वाढवा, पातळ वाटला तर थोडा कीस.

हा लगदा पॅलेटवर तैलरंगात मिसळायचा, जास्तीत जास्त निम्म्याला निम्मा. रंग थापीनं, पॅलेट नाइफनं लावता येतो, खरवडता येतो, एका थराखालचा दुसरा थर उघडा करता येतो. चमक जाऊन मातीच्या भिंतीसारखा शांत पोत येतो. ज्यांनी कारवीच्या काठ्यांच्या कुडावर शेणमातीचा हात फिरताना पाहिला आहे, त्यांना या पोताची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही.

मेणाचा थर वाकवला की तडकतो, म्हणून जाड थर द्यायचा असेल तर सैल कॅनव्हासऐवजी प्लायवूड घ्या. आपल्याकडच्या पावसात लाकूड दमट हवा पितं, तेव्हा प्लायवूड दोन्ही बाजूंनी प्रायमर लावून बंद करा. चित्र टांगताना मागं बुचाचे तुकडे लावा, म्हणजे ओल्या भिंतीपासून ते सुटं राहील आणि वारा खेळेल. मेणामुळे बुरशी येत नाही असं समजू नका, बुरशी धुळीवरही धरते. तापलेल्या पत्र्याखाली हे चित्र ठेवू नका. मेण वितळण्याच्या बरंच आधी मऊ पडतं आणि धूळ त्यात रुतून बसते. तैलरंगाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि अशी फडकी आपोआप पेट घेतात. ती पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवा.

शेवटचा मुद्दा मला कृतीइतकाच महत्त्वाचा वाटतो. माशीच्या पोटाखालच्या ग्रंथींतून मेण थेंबाथेंबानं पाझरतं. एक किलो मेणासाठी माशा सहा ते आठ किलो मध खर्ची घालतात असं मानलं जातं. आग्या माशीच्या पोळ्यात मध वरच्या टोकाला आणि अंडी-अळ्या खाली असतात. पुण्यात १९६२ साली स्थापन झालेली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था असंच शिकवत आली आहे की, पोळं जाळू नये, फक्त मधाचा भाग कापावा. मग माशा तिथंच राहतात आणि पोळं पुन्हा भरतात. आपण मेणाला भाव दिला आणि त्यापायी कुणी अळ्यांसकट सगळं पोळं ओरबाडून आणलं, तर आपल्या चित्रापायी रान मुकं होईल. म्हणून मेण घेताना आधी विचारा, पोळं कसं उतरवलं. धूर करून मधाचाच भाग काढणाऱ्याला दोन पैसे जास्त द्या, आणि ते का देताय हेही त्याला सांगा. आमचे दादा आता चोथा वेगळ्या फडक्यात बांधून आणतात. मधाच्या हिशेबाखाली मेणाचा हिशेब आता वेगळा लिहिला जातो.

यंदा एक बरणी घालून पाहा.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)