मालिश कुणाकडून, कधी आणि कधी नाही

आज आपण मालिशबद्दल बोलणार आहोत. बचत गटाच्या बैठकीत हा विषय सारखा निघतो, म्हणून आम्ही ठरवलं की एकदा नीटच बोलावं.

दिवाळीनंतर आपल्या धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर भागातली किती घरं ऊसतोडीला जातात ते आपण जाणतोच. डोक्यावर मोळ्या वाहून बाया परत येतात त्या कंबर आणि मान धरूनच. मग कुणी तिळाचं, कुणी मोहाच्या टोळंबीचं तेल कोमट करून चोळतं. हे चांगलंच आहे. मालिशनं आखडलेले स्नायू सैल होतात, झोप लागते, आपल्याला कुणी जपतंय असं वाटतं. पण मालिशनं दुखणं हलकं होतं, दुखण्याचं कारण जातंच असं नाही. कंबरेतून कळ पायात उतरत असेल, पायाला मुंग्या येत असतील किंवा लघवीवर ताबा राहत नसेल, तर आधी डॉक्टर, मालिश नाही.

आता चोळायचं कधी नाही, ते सांगतो. पडून मार लागला, सूज आली, तर हाड मोडलेलं असू शकतं. चोळू नका, ओढू नका. काठीचा आधार बांधून दवाखान्यात न्या आणि एक्स-रे काढा.

बाळंतपणानंतर एकाच पायाची पोटरी सुजली, गरम झाली, दुखायला लागली, तर तिथं हातही लावू नका. शिरेत रक्ताची गाठ झालेली असू शकते. चोळल्यानं ती सुटून फुप्फुसात गेली तर जीव जाऊ शकतो. आमच्या एका गटातल्या सुनेचा पाय असाच सुजला होता. सासूबाई तेल घेऊन बसल्या होत्या, पण आशाताईंनी थांबवलं आणि १०८ ला फोन केला. आज ती सून बैठकीला येते.

गरोदर बाईचं पोट दाबून मूल फिरवायचा प्रयत्न कुणालाही करू देऊ नका. वार आतल्या आत सुटून रक्तस्राव होऊ शकतो. बाळाला हलक्या हातानं मालिश करा, पण नाकाकानात तेल घालू नका. नाकातलं तेल फुप्फुसात उतरतं.

आपल्या जिल्ह्याला सिकलसेल नवा नाही. या आजारात रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, म्हणून हाडं ठणकतात. थंडी, कमी पाणी आणि अतिश्रम यांनी त्रास वाढतो. अशा लेकराला ऊब द्या, पाणी पाजा, दवाखान्यात न्या. ताप असेल, दम लागत असेल तर तासभरही थांबू नका. ज्यांची तपासणी झालेली नाही त्यांनी आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या. देशभरासाठी सिकलसेल निर्मूलनाचं अभियान २०२३ साली सुरू झालं आहे.

आता माणूस कसा निवडायचा? लकवा, मोडलेलं हाड जुळल्यानंतरचा व्यायाम, जुनी कंबरदुखी यासाठी फिजिओथेरपिस्ट असतात. बारावीनंतर कित्येक वर्षं शिकून ते पदवी घेतात आणि राज्याच्या परिषदेत त्यांची नोंद होते. आयुर्वेदाच्या डॉक्टरांचीही राज्याच्या परिषदेत नोंद असते. नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका, आपण बियाणं घेतानाही पिशवीवरचं वाचतोच ना! नुसती मालिश करणाऱ्यांसाठी मात्र अशी परिषद नाही. कुणी चार दिवसांचं प्रशिक्षण घेऊनही भिंतीवर प्रमाणपत्र लावतं. म्हणून विचारायचं: कुठं शिकलात, किती महिने, कुणाच्या हाताखाली काम केलं?

चांगली मालिश करणारी बाई हात लावायच्या आधी तुम्हालाच विचारते: बीपी आहे का, साखर आहे का, दिवस गेलेत का, कुठं ऑपरेशन झालंय का? जी काहीच विचारत नाही, 'गोळ्या बंद करा, मी बरं करते' म्हणते किंवा दहा वेळांचे पैसे आधीच मागते, तिच्याकडून उठून या. सोबत बहीण, जाऊ कुणीतरी असू द्या. नको वाटलं तर 'थांबा' म्हणायचा तुमचा हक्क आहे, मग समोर कितीही मोठा वैद्य असो.

आपल्या गावच्या दाईच्या हाताला आम्ही कमी लेखत नाही. त्या हातांनी कित्येक लेकरं वाढवलीत. त्या हातांना कुठं थांबायचं तेवढं कळलं पाहिजे. म्हणून येत्या बैठकीला दाईला आणि आशाताईंना दोघींनाही बोलवा, आणि न चोळायच्या या जागा सगळ्यांसमोर एकदा बोलून घ्या.