आमची नाव बनारसला जाऊन आली

(मंडळाच्या गणेशोत्सवात तिसऱ्या दिवशी केलेल्या भाषणाचा मजकूर)

अध्यक्षांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि 'ती सिनेमातल्या नावेची गोष्ट सांगा' असं फर्मान सोडलं आहे. आमच्या घरात ती इतक्या वेळा सांगून झाली आहे की आमच्या सौभाग्यवतींनी आज मुद्दाम मागची खुर्ची धरली आहे.

आपण इंदूरची मंडळी. बऱ्याच जणांचं मूळ घर मात्र महेश्वरात. आमचंही तसंच. वाडा किल्ल्याच्या उतारावर आणि शेत नर्मदेपलीकडे, नावडाटोलीच्या शिवारात. नावडाटोली म्हणजे नावाड्यांची वस्ती. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. सांकलिया १९५२ साली तिथे उत्खननाला आले आणि ताम्रपाषाणयुगातली घरं, रंगीत खापरं सापडली. आमच्या आजोबांना मात्र त्या मातीत फक्त कापूस चांगला येतो एवढंच ठाऊक होतं.

शेत पलीकडे, म्हणून घरची नाव. सागाच्या फळ्यांची, वीसेक हात लांब. कागदोपत्री आमची, चालवायचे केवटकाका आणि त्यांच्याआधी त्यांचे वडील. आमची माणसं, बियाणं, कापूस ने-आण करायची. उरलेल्या वेळात यात्रेकरूंना फिरवून जे मिळेल ते त्यांचं. लाकडाचा खर्च आमचा, मेहनत त्यांची. हा करार कुणी कधी लिहिला नव्हता. माझ्या आजीच्या आणि वडिलांच्या अस्थी याच नावेतून मधल्या धारेला गेल्या. वल्ही काकांच्याच हातात होती.

महेश्वरला सिनेमावाले नवे नाहीत. 'यमला पगला दीवाना'त आपला घाट बनारस म्हणून उभा राहिला, 'पॅडमॅन'मध्ये महेश्वर म्हणूनच. आमच्याकडे जे युनिट आलं त्यांनाही बनारसच हवं होतं. सिनेमाचं नाव सांगत नाही. माणसं वाईट नव्हती. घाटावर मोटर लावलेल्या, रंगीत छताच्या नावा पुष्कळ होत्या, पण त्यांना जुनी, वल्ह्यांची हवी होती. मॅनेजर इंदूरला घरी आला, चहा घेतला आणि दोन पानी करार पुढे ठेवला. मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. ओळ न् ओळ वाचली. रोजचं भाडं, आगाऊ रक्कम, 'तोडफोड झाल्यास भरपाई'. हे कलम तर मीच घालून घेतलं आणि स्वतःवर खूष झालो.

काकांना फोनवर सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "भैया, रात को नाव पानी में रखेंगे ना?"

मी म्हटलं, "और कहाँ रखेंगे, काका?" मॅनेजरला मात्र विचारलं नाही.

पुढचे चार दिवस मजेचे होते. आम्ही सगळे बघायला गेलो. कलाविभागाच्या पोरांनी आमचा निळा रंग खरवडून नावेला शंभर वर्षांची केली. वर बांबूचं छत ठोकलं. नदीतलं बाणेश्वराचं देऊळ चौकटीत येऊ नये म्हणून कॅमेऱ्याची केवढी कसरत! बनारसला गंगेच्या मधोमध असं देऊळ कुठून आणणार? वल्ही मारली की कॅमेरा हलतो, म्हणून दुसऱ्या नावेतून दोर बांधून आमची नाव ओढायचे. नट रिकामी वल्ही हलवायचा. आणि सुकाणू? केवटकाका तळाशी आडवे पडून, अंगावर गोणपाट घेऊन ते धरून होते. ज्या नावेत ते चाळीस वर्षं उभे राहिले, तिच्यात ते दिसू नयेत म्हणून. आम्ही पोट धरून हसलो. तेही हसले.

मग नटाच्या तारखा हुकल्या. काम अठरा दिवस थांबलं. केलेला रंग पाण्यानं जाऊ नये, पुढच्या दृश्यात नाव हुबेहूब तशीच दिसावी, म्हणून त्यांनी ती काठावर ओढून ठेवली. मे महिना, निमाडचं ऊन. काकांचे मला तीन फोन आले. तिसऱ्यांदा मी मॅनेजरला फोन केला. तो नम्रपणे म्हणाला, "सर, कंटिन्युटी है." प्रत्येक डागाचा फोटो काढून ठेवलाय म्हणाला. एवढी काळजी घेतात म्हणून मी निश्चिंत झालो.

लाकडी नाव पाण्यातच धड राहते. फळ्या पाणी पिऊन फुगतात आणि एकमेकींना घट्ट धरतात. उन्हात सुकल्या की आक्रसतात, मधला कापूस आणि डांबर सुटतं. अठरा दिवसांनी नाव पाण्यात लोटली, तासाभरात घोट्याएवढं पाणी आत. उरलेलं दृश्य त्यांनी कसंबसं, एक माणूस सतत पाणी उपसत असताना उरकलं.

भरपाईचं काढलं तेव्हा मॅनेजरनं शांतपणे विचारलं, "सर, तोडफोड कहाँ है?" खरंच, एकही फळी मोडली नव्हती. भाडं त्यांनी पै न् पै चुकतं केलं.

काकांनी आणि त्यांच्या मुलानं फटी पुन्हा भरल्या, मग नाव उथळ पाण्यात दगड ठेवून बुडवली, फळ्या फुगाव्यात म्हणून. निम्म्या फटी मिटल्या. दोन फळ्या बदलाव्या लागल्या. तोवर पाऊस आला, पूर आला आणि त्यांचा कमाईचा हंगाम गेला. मी भाड्याची सगळी रक्कम त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी बोटांवर दुरुस्तीचा खर्च आणि बुडालेले दिवस मोजले, तेवढे घेतले आणि बाकीचे माझ्याकडे सरकवले. मला ते घेववेनात, नाकारवतही नव्हते. शेवटी घेतले. तीन फोनांबद्दल ते काही बोलले नाहीत. मीही नाही. हे मी आज पहिल्यांदा चारचौघांत सांगतो आहे; घरी सांगताना गोष्ट गोणपाटापाशीच संपते.

सिनेमा आम्ही इथेच थिएटरात पाहिला, बारा तिकिटं काढून. नाव दिसली, मी मनात मोजलं, अकरा सेकंद. गंगेवरची पहाट, नदीत सोडलेले दिवे, पार्श्वभूमीला सनई. काकांनी तो तुकडा मुलाच्या फोनवर पाहिला. म्हणाले, "भैया, ये तो शाम है." मी विचारलं, कशावरून? दिवे सूर्याकडे वाहत चालले आहेत, म्हणाले. आपली नर्मदा पश्चिमेला वाहते. मला जन्मभरात हे सुचलं नसतं.

गेल्या वर्षी आणखी एका युनिटचा फोन आला. मी त्यांना काकांचा नंबर दिला. त्यांनी भाडं किती सांगितलं ते मी विचारलं नाही. नाव रात्री पाण्यातच राहील ही अट मुलाकडून पहिल्या ओळीत लिहून घेतली, एवढं कळलं. त्या लोकांना ती परवडली नाही. ते दुसरीकडे गेले.

गणपती बाप्पा मोरया.